तिसऱ्या आठवड्यातला जिना

कल्याण स्टेशनचा पूल चढताना ती पायऱ्या मोजत नाही, थांबे मोजते. रक्त चढवून आल्यावर पहिल्या आठवड्यात एकही थांबा लागत नाही. मैत्रिणींच्या बरोबरीनं, गप्पा मारत ती वर पोचते. दुसऱ्या आठवड्यात गप्पा बंद होतात, चढणं चालू राहतं. तिसरा आठवडा सरत आला की कठडा धरून एकदा थांबावं लागतं, कधी दोनदा. थांबली की ती मोबाइल काढून त्यात बघत राहते. मेसेज वगैरे काही आलेला नसतो. आपण दम खातोय हे कुणाला कळू नये, एवढ्यासाठीच ते असतं.

ती वीस वर्षांची आहे. उल्हासनगरात राहते, वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. सात महिन्यांची असताना तिला थॅलेसेमिया मेजर असल्याचं कळलं. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी तिला दुसऱ्याचं रक्त घ्यावं लागतं. म्हणजे आजवर तीनशेहून जास्त वेळा तिच्या हातात सुई गेली आहे. “लोकांना वाटतं, रक्त चढवतात तो दिवस कठीण,” ती सांगते. “तो तर चांगला दिवस. कठीण असतात त्याच्या आधीचे चार-पाच.”

‘थकवा’ हा यंदाच्या अंकाचा विषय ठरला, तेव्हा लोकलची धावपळ, अपुरी झोप, घर आणि नोकरीची ओढाताण ही ओळखीची कारणं आधी पुढे आली. पण काही माणसांचा थकवा तारखेनुसार येतो, तो ग्रॅममध्ये मोजता येतो, आणि तरीही घरीदारी त्याला ‘आळस’च म्हटलं जातं. त्या आधीच्या चार-पाच दिवसांत नेमकं काय होतं, हे त्यांच्याकडूनच समजून घ्यायला हवं.

समुद्राचं नाव, ओहोटीचं गणित

१९२५ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये थॉमस कूली या बालरोगतज्ज्ञानं काही मुलांमधल्या वेगळ्याच अ‍ॅनिमियाची नोंद केली. मुलं इटालियन आणि ग्रीक कुटुंबांतली होती. हा भूमध्य समुद्राकाठच्या लोकांचा आजार, असा तेव्हा समज झाला आणि ग्रीक भाषेत समुद्राला ‘थॅलासा’ म्हणतात, म्हणून आजाराचं नाव थॅलेसेमिया पडलं. प्रत्यक्षात तो भूमध्य समुद्रापासून मध्यपूर्व आणि भारतातून थेट आग्नेय आशियापर्यंत पसरलेला आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाचा मुक्काम होता, तिथे या आजाराचं जनुक टिकून राहिलं, कारण ते एकाच पालकाकडून मिळालेल्या माणसाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळत होतं.

दोन्ही पालकांकडून मिळालं तर मात्र घात होतो. तोच थॅलेसेमिया मेजर. हिमोग्लोबिनमध्ये अल्फा आणि बीटा अशा दोन प्रकारच्या साखळ्या असतात. बीटा साखळी बनवणारं जनुक अकराव्या गुणसूत्रावर असतं. त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या की बीटा साखळ्या तयार होत नाहीत, जोडीदार नसलेल्या अल्फा साखळ्या साचतात आणि तांबड्या पेशी हाडांच्या मगजातच मरून जातात. बाळ जन्मतं तेव्हा गुटगुटीत असतं. गर्भातलं वेगळ्या बांधणीचं हिमोग्लोबिन त्याला काही महिने सांभाळून घेतं. सहा महिने उलटले की ते पांढुरकं पडू लागतं, दूध पिता पिता दमतं, आणि मग तपासण्यांचा फेरा सुरू होतो.

यावरचा रोजचा उपाय म्हणजे दुसऱ्याच्या तांबड्या पेशी. निरोगी पेशी साधारण १२० दिवस जगते. मग दर तीन आठवड्यांनी रक्त कशाला? कारण पिशवीतल्या सगळ्या पेशी काही नव्या कोऱ्या नसतात. रक्तदात्याच्या शरीरात जशा असतात तशाच त्या येतात. काही कालच जन्मलेल्या, काहींचे शंभर दिवस आधीच सरलेले. त्यामुळे रक्त चढवल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच रोज थोड्या थोड्या पेशी गळत जातात. हिमोग्लोबिन आठवड्याला अंदाजे एक ग्रॅमनं, काहींचं त्याहून थोडं जास्त, खाली येतं. आज साडेबारा असलेला आकडा तीन आठवड्यांनी साडेनऊवर असतो.

पुलावरचे थांबे या आकड्याबरोबर वाढतात. पाय भरून येतात, पाठ दुखते, डोकं जड होतं, वाचलेलं लक्षात राहत नाही, क्षुल्लक गोष्टीवरून रडू येतं. उल्हासनगरच्या घरात आता आईला कॅलेंडर बघावं लागत नाही. लेक विनाकारण भावावर खेकसली की ती रुग्णालयाची फाईल काढून ठेवते.

पिशवी लागते तो दिवस

मुंबईच्या उपनगरातल्या एका रुग्णालयाचं डे-केअर. सकाळचे साडेआठ. शहापूर तालुक्यातून आलेला नऊ वर्षांचा मुलगा आईच्या मांडीवर डोकं टेकून पडला आहे. आसनगावहून पहाटेची लोकल पकडून दोघं आले आहेत. आईच्या पिशवीत डबा, पाण्याची बाटली, चादर आणि दोनशे पानी वही. वहीत प्रत्येक ओळीला तारीख, वजन, आधीचं एचबी, किती पिशव्या, आणि शेवटी एक-दोन शब्द: ‘ताप’, ‘पुरळ आलं’, ‘शिरा मिळेना’, ‘खूश’.

आधी वजन होतं, मग रक्ताचा नमुना जातो. रक्तगट जुळला एवढ्यानं भागत नाही. दात्याच्या पेशी आणि रुग्णाचं रक्त एकत्र करून क्रॉसमॅच करावं लागतं. वर्षानुवर्षं परक्या पेशी घेतल्यानं काहींच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि मग जुळणारी पिशवी शोधायला दिवसच्या दिवस जातात. म्हणून पहिल्या रक्तसंक्रमणाच्या आधीच रक्तगटाची सविस्तर तपासणी करून ठेवावी, असं तज्ज्ञ सांगतात.

साडेदहाला पिशवी येते. पूर्ण रक्त नसतं ते, नुसत्या तांबड्या पेशी असतात. किती द्यायचं ते वजनावर ठरतं, किलोमागे दहा ते पंधरा मिलिलिटर. बावीस किलोच्या या मुलाला एक पिशवी पुरते. सिस्टर पिशवीवरचा क्रमांक मोठ्यानं वाचतात, दुसऱ्या सिस्टर कागदावरचा क्रमांक बोलतात. नाव मात्र त्या मुलालाच विचारतात आणि तो झोपाळू आवाजात आडनावासकट सांगतो. नळीत पांढऱ्या पेशी अडवणारा फिल्टर बसवला जातो. त्यानं ताप आणि थंडी भरण्याचा त्रास कमी होतो. पहिली पंधरा मिनिटं थेंब अगदी सावकाश पडतात आणि सिस्टर खाटेजवळून हलत नाहीत. अंगावर गांधी उठल्या, थंडी वाजली, पाठीत कळ आली, तर पिशवी तिथेच बंद.

मग तीन-चार तास. अकराच्या सुमारास मुलगा झोपलेला असतो. साडेबाराला उठून बसतो. एकला डब्यातली पोळी-भाजी संपवून शेजारच्या खाटेवरच्या मुलाला मोबाइलवरचा खेळ शिकवत असतो. “बघा, ओठांना रंग आला,” आई म्हणते. ओठ खरंच गुलाबी झालेले असतात.

आकडा की चेहरा?

थकव्याच्या व्यवस्थापनातला सगळ्यात मोठा निर्णय इथेच होतो. रक्त केव्हा चढवायचं? मूल कोमेजलं की, की आकडा ठरल्या पातळीला आला की?

पूर्वी बहुतेक ठिकाणी, आणि आजही अनेक ठिकाणी, चेहरा बघून ठरतं. मूल सहा-सात ग्रॅमवर येतं, मलूल होतं, मग धावपळ सुरू होते. रक्त मिळतं, मूल हसतं आणि आई-वडिलांना वाटतं, निभावलं. पण थॅलेसेमिया इंटरनॅशनल फेडरेशनची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की रक्त चढवण्याआधीचं हिमोग्लोबिन साडेनऊ ते साडेदहा ग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नये. त्यामागे फक्त मुलाला हुशारी वाटावी एवढाच हेतू नाही. आकडा खाली गेला की शरीर आपलं निकामी उत्पादन जोरात सुरू करतं. मगज फुगतो, कपाळाची आणि गालांची हाडं वर येतात, वरचे दात पुढे येतात, प्लीहा मोठी होते. पोट पुढे आलेलं, खुरटलेलं, सतत थकलेलं मूल ही थॅलेसेमियाची जुनी ओळख खरं तर अपुऱ्या रक्ताची ओळख आहे.

कमी रक्तावर वाढलेल्या मुलाला आपण थकलोय हेच कळत नाही, ही यातली सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट. शहापूरचा हा मुलगा पाचव्या वर्षापर्यंत महिन्या-दीड महिन्यानं रक्त घेत होता. अंगणवाडीत एका जागी बसून राहायचा. सगळे म्हणायचे, किती शांत पोर आहे. डे-केअरमध्ये नाव घातल्यावर दर तीन आठवड्यांनी रक्त मिळू लागलं, आकडा नऊच्या वर राहू लागला आणि दोन महिन्यांत त्यानं घराच्या पत्र्यावर चढून आईचा जीव टांगणीला लावला. “तेव्हा कळलं,” आई म्हणते, “तो शांत नव्हता. त्याच्या अंगात जीवच नव्हता.”

रक्त आहे, तरी थकवा

पण आकडा अकरा-बारा असूनही अंगात त्राण नसेल तर? ऑफिसात हिशेब सांभाळणारे छत्तीस वर्षांचे एक गृहस्थ तिशीत दोन वर्षं या प्रश्नाशी झगडले. उत्तर होतं लोह.

प्रत्येक पिशवीबरोबर शरीरात साधारण २०० मिलिग्रॅम लोह येतं. निरोगी माणसाच्या अख्ख्या शरीरात असतं तीन-चार ग्रॅम आणि रोज बाहेर पडतं जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. जास्तीचं लोह टाकून देण्याची सोय निसर्गानं ठेवलेलीच नाही. तीन आठवड्यांना दोन पिशव्या घेणाऱ्या प्रौढाच्या शरीरात वर्षाला सहा-सात ग्रॅम लोह साठतं. ते यकृतात उतरतं, हृदयाच्या स्नायूत, थायरॉइडमध्ये, स्वादुपिंडात. मग थायरॉइड मंदावतं, साखर वाढते, हृदय दमतं. या प्रत्येकाचं पहिलं लक्षण पुन्हा थकवाच असतं आणि घरातले म्हणतात, “आत्ताच तर रक्त चढवलंय, मग काय झालं?”

या गृहस्थांचं बालपण पंपावर गेलं. साठलेलं लोह बाहेर काढणाऱ्या डेस्फेरॉलच्या कुपीतली भुकटी वडील रात्री जेवणानंतर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायचे. फेस जाईपर्यंत कुपी तळव्यांमध्ये हलकेच फिरवत राहायचे, मग सिरिंजमध्ये औषध ओढून पंपाला जोडायचे. बारीक सुई पोटाच्या कातडीखाली, चिकटपट्टी, आणि पंप कमरेच्या पट्ट्यात. आठ ते बारा तास, आठवड्यातल्या पाच-सहा रात्री. सकाळी सुईच्या जागी लिंबाएवढी गाठ आणि डोळ्यांवर झोप. लोहाचा थकवा टाळायचा तर जागरणाचा थकवा सोसायचा, असा तो सौदा होता. १९९५ च्या सुमारास त्याच कामाची डेफेरिप्रोन ही गोळी भारतात आली, पुढे पाण्यात विरघळवून दिवसातून एकदा घ्यायचं डेफेरासिरॉक्स आलं आणि रात्री मोकळ्या झाल्या.

मोकळ्या झाल्या आणि गोळी चुकवणंही सोपं झालं. कॉलेजात त्यांनी वर्षभर गोळ्या मनावर घेतल्या नाहीत. काही दुखत नव्हतं, काही अडत नव्हतं. बिल दहा वर्षांनी आलं. हृदयातलं लोह मोजणाऱ्या टी-टू-स्टार एमआरआयमध्ये आकडा वीसच्या, म्हणजे सुरक्षित पातळीच्या, खाली गेलेला, थायरॉइड मंद, ड जीवनसत्त्व तळाला. औषधांची जोडी बदलली, थायरॉइडची गोळी सुरू झाली आणि सात-आठ महिन्यांनी त्यांना संध्याकाळी घरी आल्यावर आडवं न होता मुलीचा अभ्यास घेता येऊ लागला.

तेव्हा थकव्याची वेळ बघायला हवी. रक्ताच्या आधीच्या आठवड्यात येऊन रक्तानंतर जातो, तो आकड्याचा थकवा. रक्तानंतरही जो हटत नाही, त्याचं कारण शोधायलाच हवं: साठलेल्या लोहासाठी फेरिटिन, थायरॉइड, साखर, ड जीवनसत्त्व, इको, एमआरआय. खचलेलं मनही त्यात येतं. आणि डेफेरिप्रोन घेणाऱ्याला ताप आला, घसा धरला, तर त्याला थकवा समजून घरी पडून राहायचं नाही. या औषधानं क्वचित पांढऱ्या पेशी एकदम घसरतात. गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासावं लागतं.

ताकद जपून खर्चायची

उल्हासनगरच्या मुलीच्या टेबलावर तीन रंगांत रंगवलेलं कॅलेंडर आहे. हिरव्या आठवड्यात प्रोजेक्ट, सबमिशन, मैत्रिणींबरोबर सिनेमा. पिवळ्यात नेहमीचं कॉलेज. शेवटच्या लाल दिवसांत लवकर झोप, घरी बसून वाचन आणि ज्या तासाला गेलंच पाहिजे तेवढाच तास. परीक्षेचं वेळापत्रक लागलं की ती आधी डे-केअरला फोन करते. तारीख तीन-चार दिवस अलीकडे घेता आली तर पेपर हिरव्यात पडतात. पहिल्या वर्षी हे जमलं नव्हतं. अकाउंट्सचा पेपर एकविसाव्या दिवशी आला आणि येत असलेली बेरीज तिनं तीनदा केली.

व्यायाम बंद करणं हा उपाय नाही, हे तिला उशिरा कळलं. आकडा चांगला असेल, हृदय तपासलेलं असेल, तर चालणं, पोहणं, सायकल चालवणं याला आडकाठी नसते. या आजारात हाडं लवकर ठिसूळ होतात, त्यामुळे हालचाल हवीच. प्लीहा मोठी असेल तर कबड्डीसारखे धसमुसळे खेळ तेवढे टाळायचे.

खाण्याच्या बाबतीत मात्र घरोघरचा सल्ला उलटा पडतो. “रक्त कमी आहे ना? मग गूळ-शेंगदाणे दे, बीट दे, लोखंडी कढईत भाजी कर,” हे मावशी-आत्यांपासून शेजारणींपर्यंत सगळ्या सांगतात, तेही प्रेमापोटी. इथे कमतरता लोहाची नसते, उलट ते उतू जात असतं. लोहाचं टॉनिक तर विषासारखंच. अशक्तपणा दिसला की एरवी जेवणाबरोबरचा चहा सोडायला सांगतात, कारण चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. थॅलेसेमियात तोच चहा उपयोगी पडतो. बाकी पिशवीतल्या लोहापुढे ताटातलं लोह किरकोळच असतं. त्यामुळे मुलाला उपाशी ठेवण्याचं किंवा त्याच्या तोंडचा घास काढण्याचं कारण नाही.

उरतो प्रश्न सांगण्याचा. शाळेत सांगावं तर मूल वेगळं पडतं, न सांगावं तर पी.टी.च्या सरांना ते कामचुकार वाटतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं थॅलेसेमियाचा समावेश एकवीस प्रकारच्या अपंगत्वांत केला आहे. प्रमाणपत्रात किमान ४० टक्के अपंगत्व असेल तर उच्च शिक्षणातल्या राखीव जागांचा दरवाजा उघडतो. सरकारी नोकरीतल्या आरक्षणाच्या यादीत मात्र रक्ताचे आजार नाहीत. आणि खाजगी नोकरीत दर तीन आठवड्यांनी एक दिवसाची सुट्टी मागायची म्हणजे दरवेळी नव्यानं समजावणं. हिशेबनीस गृहस्थांनी त्यावर तोडगा काढला: रक्ताचा दिवस शनिवार, आणि महिनाअखेरची रात्रपाळी रक्तानंतरच्या आठवड्यात.

गणपती ते दिवाळी

हे सगळं नियोजन एका गोष्टीवर उभं असतं: ठरल्या दिवशी पिशवी मिळायला हवी.

महाराष्ट्रात रक्तदानाची शिबिरं भरतात ती गणेशोत्सवात, नेत्यांच्या वाढदिवसांना, कॉलेजं सुरू असताना. अनंत चतुर्दशीपर्यंत रक्तपेढ्यांची कपाटं भरून जातात. पण तांबड्या पेशी दोन ते सहा अंश तापमानात ठेवल्या तरी, वापरलेल्या द्रावणानुसार, ३५ किंवा फार तर ४२ दिवस टिकतात. गणेश चतुर्थीपासून लक्ष्मीपूजन एरवी साधारण ५५ दिवसांवर असतं, अनंत चतुर्दशीपासून ४५. म्हणजे गणपतीत दिलेलं रक्त दिवाळीपर्यंत पोचतच नाही. आणि दिवाळीत कॉलेजं बंद, ऑफिसं बंद, मुंबई-पुण्याचे लोक गावी गेलेले. मे महिन्याच्या सुट्टीतही हीच गत. रक्तपेढीत पिशव्या कमी असल्या की आधी दोनच्या जागी एक मिळते. मग आकडा नऊऐवजी आठवर येतो आणि लाल दिवस चारचे आठ होतात.

थॅलेसेमियाच्या रुग्णाला रक्त मोफत आणि बदली रक्तदाता न मागता द्यायचं, असा नियम आहे. तरी टंचाईच्या दिवसांत “डोनर घेऊन या” हे वाक्य पालकांच्या कानी पडतंच. शहापूरच्या आईला एका रक्तपेढीच्या खिडकीवर ते ऐकावं लागलं होतं. गावातल्या कुणाकुणाला विचारायचं याची यादी तिच्या वहीच्या मागच्या पानावर आहे. पाच नावं खोडलेली: ‘दिलं’, ‘दिलं’, ‘घाबरतो’, ‘वजन कमी’, ‘दिलं’.

काही मंडळं आता शहाणी झाली आहेत. एकाच दिवशी पाचशे पिशव्या गोळा करण्याऐवजी ती कार्यकर्त्यांची यादी करून दर आठवड्याला थोडे थोडे रक्तदाते पाठवतात. पुरुषाला तीन महिन्यांनी, बाईला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. ज्यानं गणपतीत दिलं, त्याची पाळी दिवाळीत येत नाही. दिवाळीसाठी रक्तदाते वेगळेच राखून ठेवावे लागतात. अशा एखाद्या यादीवर एका मुलाचं वर्ष निभावतं.

एक रिपोर्ट

भारतात तीन-चार टक्के लोक थॅलेसेमिया मायनर आहेत, म्हणजे बिघडलेल्या जनुकाची एक प्रत बाळगून निरोगी जगतात. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या आणि उल्हासनगर वसवणाऱ्या सिंधी समाजात हे प्रमाण जास्त आहे. त्यावरून हा ‘त्यांचा’ आजार अशी अनेक मराठी घरांची समजूत झाली. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत सिंधी, पंजाबी, गुजराती, बंगाली, लोहाणा यांच्याबरोबर कोळी, महार आणि सारस्वत समाजांचीही नावं आहेत. शहापूरच्या मुलाच्या आई-वडिलांनी आपण मायनर असू शकतो हे मुलगा आजारी पडेपर्यंत ऐकलंही नव्हतं.

आपण मायनर आहोत का हे सांगणारी एचबी-ए-टू ही तपासणी आयुष्यात एकदाच करायची असते. दोघंही मायनर निघाले तर प्रत्येक गर्भारपणात मूल मेजर असण्याची शक्यता चारात एक. दिवस राहिल्यावर दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते.

ज्यांना आजार आहे त्यांच्यासाठी बोनमॅरो प्रत्यारोपण हा कायमचा इलाज आहे. सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता इथेही चारात एक. मुंबई महापालिकेच्या बोरिवलीच्या केंद्रात ते होतं आणि कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून दहा लाखांपर्यंत मदत मिळते. शहापूरच्या मुलाला धाकटी बहीण आहे. तिची तपासणी झाली. जुळलं नाही.

वहीचं पुढचं पान

दुपारचे अडीच. पिशवी रिकामी होते, सुई निघते, कापसाचा बोळा दाबून धरत मुलगा खाटेवरून उडी मारतो. आई वही उघडून पुढची तारीख मोजते. एकविसावा दिवस ऐन लक्ष्मीपूजनाला येतोय.

“सिस्टर, जरा अलीकडे घ्याल का?” ती विचारते. “घरी पोरं किल्ला करतात. मागच्या वर्षी हा पायरीवर बसून नुसता बघत होता. मावळे मांडायचं काम दिलं होतं त्याला.”

सिस्टर रजिस्टर चाळतात, रक्तपेढीला फोन लावतात, वाट बघतात. वसुबारसेच्या आदल्या दिवशीची एक जागा निघते. आई वहीत तारीख लिहिते, वजन-एचबीच्या जागा रिकाम्या सोडते आणि डबा पिशवीत भरायला वळते. तेवढ्यात मुलगा पेन उचलतो आणि त्या रिकाम्या ओळीच्या शेवटी लिहितो: ‘माती मी आणणार. दोन घमेली.’